रमीचा डाव



पावसाळ्यात आपल्या भंडारा जिल्ह्यात पावसाची झड लागते. शेतात धानाची रोवणी चालू असते. वैनगंगा दुथडी भरून वाहते. मैदानात चिखल होतो आणि क्रिकेटची बॅट कोपऱ्यात पडून राहते. अशा वेळी चार मित्रांनी ओसरीवर बसून काय खेळावे? पत्ते! चला, आज आपण रमी हा खेळ शिकू या.

पत्त्यांचा खेळ आपल्या देशात जुना आहे. बाबर बादशहाने आपल्या आठवणींत १५२७ साली सिंधला गंजिफा पाठवल्याचे लिहिले आहे. गंजिफा म्हणजे जुन्या काळचे पत्ते. आपल्या महाराष्ट्रात सावंतवाडीला असे गोल, हाताने रंगवलेले पत्ते तयार होतात. तेथील दशावतारी गंजिफ्यात १२० पत्ते असतात. आपण मात्र नेहमीचे ५२ पत्ते घेऊ.

आधी मराठी नावे पाहा. उर्दूत तुम्ही ज्याला ‘पान’ म्हणता, तो मराठीत ‘बदाम’. ‘ईंट’ म्हणजे ‘चौकट’, ‘चिडी’ म्हणजे ‘किलवर’ आणि ‘हुकुम’ म्हणजे ‘इस्पिक’. पत्ते मिसळण्याला मराठीत ‘पत्ते पिसणे’ म्हणतात.

चार जणांसाठी पत्त्यांचे दोन जोड लागतात. छापील जोकर बाजूला ठेवा. आता १०४ पत्ते झाले. ते नीट पिसा आणि प्रत्येकाला १३ पत्ते वाटा. उरलेल्या गठ्ठ्यातून एक पत्ता उघडा. समजा, तिर्री निघाली. मग या डावात सगळ्या तिर्ऱ्या जोकर झाल्या. जोकर कोणत्याही पत्त्याच्या जागी चालतो. आणखी एक पत्ता उघडून गठ्ठ्याशेजारी ठेवा. बाकीचे ५० पत्ते मध्ये पालथे राहतील.

आता खेळ सुरू. आपली पाळी आली, की एक पत्ता उचलायचा आणि एक टाकायचा. गठ्ठ्यातला पत्ता घ्या किंवा आधीच्या खेळाडूने टाकलेला घ्या. हातातल्या १३ पत्त्यांचे गट जुळवायचे आहेत. गट दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार ओळीचा: बदामाची पंजी, छक्की आणि सत्ती. दुसरा प्रकार सारख्या पत्त्यांचा: बदाम, किलवर आणि इस्पिक यांचे तीन राजे. प्रत्येक गटात निदान तीन पत्ते हवेत. निदान दोन ओळी हव्यात आणि त्यांतली एक जोकरशिवाय हवी. म्हणून ही जोकरशिवायची ओळ आधी जुळवा.

सगळे पत्ते जुळले, की जास्तीचा पत्ता पालथा टाका आणि डाव उघडून दाखवा. मग इतरांच्या हातांत न जुळलेले पत्ते मोजायचे. राजा, राणी, गुलाम आणि एक्का यांचे प्रत्येकी १० गुण, बाकीच्यांचे त्यांच्या अंकाइतके आणि जोकरचे शून्य. हे गुण दंडाचे आहेत. पाच डावांनंतर ज्याचे गुण सर्वांत कमी, तो जिंकला.

आता थोडा विचार करा. तुमच्या हातात बदामाची छक्की आणि अठ्ठी आहे. ओळ पुरी करायला बदामाची सत्तीच हवी. दोन जोडांत अशा सत्त्या दोनच! पण हातात छक्की आणि सत्ती असेल, तर पंजी किंवा अठ्ठी चालेल. म्हणजे चार पत्ते उपयोगाचे झाले. समजा, दोन्ही पंज्या आधीच टाकल्या गेल्या. मग दोन अठ्ठ्याच उरल्या. म्हणून कोणी काय टाकले आणि कोणी काय उचलले, हे लक्षात ठेवावे लागते. पत्ते नशिबाने येतात. कोणता ठेवावा आणि कोणता सोडावा, हे बुद्धीने ठरते.

हीच गोष्ट आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही सांगितली आहे. सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात १९६७ साली न्यायालयाने म्हटले, की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. कारण पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात. परंतु पैजेच्या पैशांतून क्लब नफा कमावत असेल, तर तो गुन्हा ठरू शकतो, असेही न्यायालयाने सांगितले. पुढे मोबाइलवर पैसे लावून रमी खेळण्याचे वेड पसरले. अनेक घरांची कमाई त्यात बुडाली. तेव्हा २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला.

असे का होते? पैसा नसेल, तर हरलेला मित्र हसतो आणि पुन्हा पत्ते पिसायला घेतो. पैसा लागला, की हरलेला माणूस गेलेली रक्कम परत मिळवण्यासाठी खेळत राहतो आणि आणखी हरतो. मग खेळ संपवणे त्याच्या हातात राहत नाही.

म्हणून मित्रांनो, रमी जरूर शिका; पण एक पैसाही लावू नका. किती डाव खेळायचे, हे आधीच ठरवा. गुण वहीत लिहा. आणि झड उघडली, की पत्ते गोळा करून मैदानाकडे पळा!