स्वमग्न मुलाचे घर आणि पैशाचा घोर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, हा मेंदूच्या वाढीतला वेगळेपणा आहे. तो लहानपणीच दिसू लागतो आणि आयुष्यभर सोबत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगात दर १२७ माणसांमागे एक स्वमग्न असतो. गोळ्यांचा कोर्स करून संपणारे हे दुखणे नसल्यामुळे त्यावरचा खर्चही एकदाच करून मोकळे होण्याचा नसतो. तो वर्षानुवर्षे, थोडा थोडा आणि न थांबता होत राहतो. पालकांच्या मनावर येणारा भार समजून घ्यायचा तर सुरुवात येथून करावी लागते.

मुलाची लक्षणे जितकी तीव्र तितके आईवडील खचलेले, असे सरसकट मानले जाते. लक्षणांचा वाटा असतोच, पण तेवढ्याने चित्र पुरे होत नाही. अमेरिकेच्या आयोवा राज्यात १९८० च्या दशकात शेती कोलमडली. त्यानंतर तेथील कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या रँड काँगर आणि सहकाऱ्यांना एक साखळी दिसली. पैशाची तंगी मुलांपर्यंत थेट पोचत नाही. ती आधी आईवडिलांचे मन पोखरते, मग नवरा-बायकोत खटके उडू लागतात, मुलांशी वागण्यातला धीर सुटतो आणि शेवटी मुलाला झळ लागते. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांवरचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तोडणीआधी हात रिकामा असताना आणि तोडणीनंतर हाती पैसा आल्यावर त्याच शेतकऱ्यांना विचारशक्तीच्या चाचण्या दिल्या गेल्या. रिकाम्या हाताच्या दिवसांत त्यांचे गुण कमी आले. माणसे तीच होती, फक्त काळजीने डोक्यातली जागा अडवली होती.

बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. निपाणीकडे ऊस आणि तंबाखू, खानापूरच्या पश्चिमेला भात आणि काजू. पैसा हंगामाला येतो, थेरपीची फी मात्र आठवड्याला द्यायची असते. वर्षाची मिळकत कागदावर पुरेशी दिसली तरी उसाचे बिल येईपर्यंत हातउसने, बचत गटाचे कर्ज किंवा गहाण टाकलेले सोने यांवरच दिवस ढकलावे लागतात. ‘कमावता की, मग टेन्शन कसले?’ हा नातेवाइकांचा प्रश्न त्यामुळे अपुऱ्या माहितीवर उभा असतो. मिळकत किती यापेक्षा ती केव्हा येते आणि किती भरवशाची आहे, यावर झोप अवलंबून असते.

खर्च म्हणजे डॉक्टरची फी, हाही असाच समज. लोंढा-बेळगाव रेल्वेमार्गावरचे गुंजी हे खानापूर तालुक्यातले गाव पाहा. वाचा-उपचार किंवा ऑक्युपेशनल थेरपी नियमित हवी असेल तर बहुधा बेळगाव गाठावे लागते, म्हणजे एका बाजूने सुमारे ३५-४० किलोमीटर. आठवड्यातून दोन फेऱ्या धरल्या तर वर्षाच्या १०४ होतात. तासाभराच्या सत्रासाठी दिवस जातो आणि रोजंदारीवरच्या माणसाची तेवढी हजेरी बुडते. गर्दी, भोंगा, अनोळखी स्पर्श हे सहन न होणाऱ्या मुलाला घेऊन बसमधून जाणे अनेकदा जमत नाही. मग रिक्षा किंवा भाड्याची गाडी करावी लागते. फीच्या पावतीत यातले काहीच दिसत नाही.

सर्वांत मोठा खर्च मात्र कोणीच मांडत नाही, आणि तो म्हणजे आईची बुडालेली कमाई. ‘ती काय, घरीच तर असते’ या वाक्यात तो पुसून टाकला जातो. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्वमग्न मुलांच्या आयांची कमाई, आरोग्याची अडचण नसलेल्या मुलांच्या आयांपेक्षा ५६ टक्के कमी आढळली होती. निपाणी परिसरात घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईचे उदाहरण घेतले तर हे अधिक स्पष्ट होते. विडीची मजुरी हजारावर ठरते. जे मूल क्षणभर नजरेआड झाले तर रस्त्यावर धावत सुटेल, त्याच्यावर लक्ष ठेवून सुपात मान घालून बसता येत नाही. काम सुटत नाही, पण आकडा घटतो आणि त्या घटीला कोणी मुलाचा खर्च म्हणत नाही. स्वतःची मिळकत गेली की घरातल्या निर्णयातला शब्दही जातो. अशा आईचे खचणे हा स्वभावाचा कमकुवतपणा नव्हे.

आईच्या थंडपणामुळे मूल असे झाले, ही समजूत तर विज्ञानाने केव्हाच मोडीत काढली आहे. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकातून तिला बळ दिले होते, पण त्याआधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलंड यांनी स्वमग्नतेचे मूळ जैविक असल्याचे मांडले होते. आजचे संशोधनही तेच सांगते. तरी आईला बोल लावणे थांबलेले नाही. आणि ज्या घरात दोष आईवर येतो, त्या घरात खर्चाचा जाबही तिलाच द्यावा लागतो.

जास्त पैसा ओतला की मूल ‘बरे’ होईल, हा गैरसमज सगळ्यांत महागात पडतो. याच आशेवर दागिने मोडले जातात, गुंठे विकले जातात. स्टेम सेल उपचार हे त्याचे ठळक उदाहरण. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही आजारांपलीकडे स्टेम सेलचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचण्यांतच करता येतो, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्यासाठी पैसे घेता येत नाहीत. स्वमग्नतेवर ‘पॅकेज’ सांगितले जात असेल तर तेवढेच कारण नकार देण्यास पुरेसे आहे.

कमी खर्चाचे ते कमी गुणाचे, असेही नाही. गुंजीहून घाट उतरला की गोवा. तेथे ‘संगत’ या संस्थेने आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या गटाने ‘पास’ नावाची पद्धत तपासून पाहिली. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी संवाद साधण्याची रीत शिकवली. ६५ मुलांवरच्या या चाचणीत पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुलेही संवाद सुरू करण्यात पुढे आली. स्वमग्नता गेली नाही, तो दावाही नव्हता. पण शहरातल्या केंद्राच्या फेऱ्यांवरच सारे अवलंबून नाही, हे दिसले. गोव्यातल्याच कुटुंबांवरच्या २०१२ च्या अभ्यासात एक कटू गोष्टही नोंदली आहे. आरोग्य, शिक्षण आणि धर्म या क्षेत्रांतल्या ज्यांच्याकडे पालक मदतीसाठी गेले, त्यांनाच या कुटुंबांच्या गरजांची फारशी जाण नव्हती. त्यातून आर्थिक आणि मानसिक, दोन्ही ओझी वाढली. पालकांनी मुद्दाम उधळपट्टी केली नव्हती. त्यांना वेळेवर खरे सांगणारे कोणी भेटले नव्हते.

सरकारी दाखला म्हणजे मुलाच्या कपाळी शिक्का, म्हणून तो काढायचा नाही, असे अनेक घरांत ठरते. दाखला नसेल तर तोटाच होतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. तिचे प्रमाण ‘इसा’ या ४० मुद्द्यांच्या भारतीय मोजपट्टीने ठरते. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. यूडीआयडी हे दिव्यांगांचे ओळखपत्र देशभर चालते, त्यामुळे कोल्हापूर किंवा मिरजेला उपचार घेणाऱ्या सीमाभागातल्या कुटुंबालाही ते उपयोगी पडते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. त्यात दवाखान्यात दाखल न होता घेतलेल्या थेरपीचाही ठरावीक मर्यादेत समावेश आहे. मात्र खर्च आधी पदरचा करून मग दावा करावा लागतो, आणि हंगामी मिळकतीच्या घराला हीच पायरी जड जाते.

सीमाभागात आणखी एक गोंधळ आहे. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना कर्नाटकातल्या ८६५ सीमावर्ती गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला, त्यामुळे स्वमग्न मुलाचाही खर्च भागेल असे काहींना वाटते. ही योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. आठवड्याची थेरपी तिच्या चौकटीत बसत नाही. दिव्यांगांचे मासिक अर्थसाहाय्य ज्या राज्यात कुटुंब राहते तेथूनच मिळते, म्हणजे गुंजी किंवा निपाणीकरांना कर्नाटकाकडूनच. अर्ज कन्नडमध्ये असतो. मराठीत शिकलेल्या पालकांची पहिली फेरी अनेकदा तिथेच वाया जाते.

पैसा आला की मन आपोआप ताळ्यावर येईल, हेही नेहमी खरे ठरत नाही. आर्थिक ताणातून सुरू झालेले नैराश्य ताण ओसरल्यावरही मागे उरू शकते. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप न लागणे, कशातच मन न रमणे, मुलावर हात उगारला जाणे आणि मग रडू कोसळणे, जगणे नको वाटणे, असे होत असेल तर उपचार घ्यायलाच हवेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत मिळते आणि मराठी वा कन्नड भाषा निवडता येते. बाप बोलत नाही म्हणजे त्याला काही वाटत नाही, असे समजू नये. कर्जाचा आकडा घरात न सांगणे हे बऱ्याचदा त्याच्या खचण्याचे पहिले लक्षण असते.

‘आमच्या मागे याचे काय?’ या प्रश्नाचे बिल आज कोणी मागत नाही, पण आईवडिलांना तोच सर्वांत जास्त जागवतो. मुलासाठी जमीन राखून ठेवली की झाले, असे अनेकांना वाटते. पण १८ वर्षे पूर्ण झाल्यावर आईवडीलही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ नुसार जिल्ह्याची स्थानिक समिती, ज्यात जिल्हाधिकारी असतात, अर्ज आल्यावर पालक नेमते. नेमलेल्या पालकाला मालमत्तेची यादी सहा महिन्यांच्या आत आणि त्यानंतर दरवर्षी हिशेब त्या समितीकडे द्यावा लागतो.