टेबलावरची आगगाडी



जत्रेतली सेलवरची आगगाडी आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. गोल गोल फिरते आणि चार दिवसांत मोडते. आज आपण बोलणार आहोत ते तिच्या थोरल्या बहिणीबद्दल, म्हणजे नमुना रेल्वेबद्दल. जगभर अनेक जण हौसेने टेबलावर रूळ, स्टेशनं, डोंगर, बोगदे उभे करतात आणि त्यातून छोट्या गाड्या चालवतात. हा छंद पुरुषांचा आणि पैसेवाल्यांचा समजला जातो. पण त्यातली मोजमाप, वीज आणि वेळापत्रक ही तीन कामं आपल्या मुलींच्या हाताला लागावीत असं आम्हांला वाटतं, म्हणून आजचा हा विषय.

खेळणं आणि नमुना यांत फरक असतो तो प्रमाणाचा. या छंदात 'एच-ओ' नावाचं प्रमाण फार चालतं. ते आहे 1 ला 87. खऱ्या वस्तूचं माप घ्यायचं आणि 87 ने भागायचं. पाच फूट उंचीची बाई पावणेदोन सेंटिमीटरची होते. 21 मीटर लांबीचा डबा 24 सेंटिमीटरचा होतो. स्टेशन, झाडं, माणसं सगळी याच हिशेबाने करायची, नाहीतर कोंबडी म्हशीएवढी दिसते! पण एक किलोमीटर अंतर या मापातही साडेअकरा मीटर होतं. एवढी जागा कोणाच्या घरात असणार? म्हणून दोन स्टेशनांमधलं अंतर सगळेच आखडून घेतात.

आता वीज. घरातली वीज 230 व्होल्टची असते, या गाडीला साधारण 12 व्होल्ट पुरतात. म्हणून मधे वीज कमी करणारा कंट्रोलर लागतो. घरातल्या विजेची वायर रुळांना थेट कधीही जोडायची नाही. नेहमीच्या रचनेत वीज एका रुळातून चाकांवाटे इंजिनाच्या मोटारीत जाते आणि दुसऱ्या रुळातून परत येते. व्होल्ट वाढवले की वेग वाढतो. दोन तारांची अदलाबदल केली की गाडी मागे जाते. रूळ वळवून पुन्हा त्याच रुळाला आणून जोडला, तर डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्ट सर्किट होतं. तिथे रूळ कापून फट ठेवावी लागते आणि त्या तुकड्याची वीज वेगळी जोडावी लागते. पुस्तकातला विजेचा धडा इथे डोळ्यांना दिसतो.

डोंगर करताना चढाचं गणित येतं. बोरघाटात आणि कसारा घाटात रेल्वेचा चढ 37 ला 1 इतका आहे, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. तिथे जड गाड्यांना जास्तीची इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. टेबलावर 37 सेंटिमीटरला 1 सेंटिमीटर चढ देऊन पाहा. डबे वाढवत गेलं की छोट्या इंजिनाची चाकंही जागच्या जागी फिरायला लागतात. बँकर कशाला हवा, ते सांगावं लागत नाही.

खरी गंमत गाडी चालवण्यात आहे. एकेरी मार्गावर समोरासमोरून दोन गाड्या आल्या, तर एकीला स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर घ्यावं लागतं. आपण म्हणतो ना, 'क्रॉसिंगला गाडी थांबली'? तेच हे. एकीने स्टेशनमास्तर व्हायचं, एकीने सांधे बदलायचे, दोघींनी गाड्या हाकायच्या. पुढचा मार्ग मोकळा असल्याचं स्टेशनमास्तरने सांगितल्याशिवाय कोणी गाडी सोडायची नाही. एकीने घाई केली तरी सगळ्यांचं वेळापत्रक कोलमडतं. बचत गट चालवणाऱ्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि मुलींचा याच्याशी काय संबंध, असं कोणी विचारलं तर सुरेखा यादव यांचं नाव सांगा. साताऱ्याच्या या लेकीने कराडला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला आणि आशियातली पहिली महिला रेल्वेचालक म्हणून नाव मिळवलं. 8 मार्च 2011 ला डेक्कन क्वीन पुण्याहून घाट उतरून मुंबईला नेली ती त्यांनीच.

विकतचं इंजिन महाग असतं, तेव्हा सुरुवात इंजिनापासून करूच नका. आधी आपल्या जवळच्या स्टेशनाची मापं घ्या, 87 ने भागा आणि पुठ्ठ्याचं स्टेशन करा. वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीत भिजवून डोंगर होतो, रंगवलेल्या लाकडाच्या भुश्याचं गवत होतं, चाळलेल्या वाळूची खडी होते. वाळलेल्या काटक्यांना भुसा चिकटवला की झाडं तयार. शाळेतल्या बाईंना विचारून सुट्टीत गटाने हे काम घेता येईल. पुण्याला जाणं झालं, तर कोथरूडचं जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय मुलींना जरूर दाखवा. 1998 पासून ते लोकांसाठी खुलं आहे.

तिथे गेल्यावर मुलींना गाडी नुसती बघू देऊ नका. वीज कुठून आली आणि सांधा कसा बदलला, ते त्यांना विचारू द्या.