भाऊ गिरणीमालक, बहीण मजुरांची पुढारी

माणसाचा स्वभाव ही घरापुरती बाब आणि समाजकारण हा बाहेरचा व्यवहार, अशी वाटणी आपण सहज करून टाकतो. १९१८ साली अहमदाबादेत झालेला गिरणीमजुरांचा लढा या वाटणीत बसत नाही.

प्लेगच्या साथीत मजुरांनी शहर सोडू नये म्हणून मालक बोनस देत असत. साथ ओसरली, बोनस बंद झाला. महागाई मात्र कायम राहिली. मजुरांनी ५० टक्के वाढ मागितली, मालक २० टक्क्यांवर अडले. हिशेब तपासून गांधीजींनी ३५ टक्के वाजवी ठरवले. मालकांचे अग्रणी होते जैन कुळातील अंबालाल साराभाई, आणि मजुरांच्या बाजूने उभ्या होत्या त्यांच्याच भगिनी अनसूयाबेन. याच अंबालालशेठांनी १९१५ मध्ये, देणग्या आटलेल्या गांधीजींच्या आश्रमाला गाजावाजा न करता १३ हजार रुपये दिले होते.

पुढे मजुरांचा धीर खचू लागला. ‘मोटारीतून फिरणाऱ्यांना आमच्या उपासमारीची काय झळ?’ असे बोल गांधीजींच्या कानी आले. हे शब्द त्यांना झोंबले आणि १५ मार्च रोजी त्यांनी उपोषण आरंभिले. ते मजुरांची प्रतिज्ञा टिकावी म्हणून होते. दडपण मात्र आले स्नेही मालकांवर. प्रेमाच्या माणसाचा उपास पाहवत नाही, हे आपल्या घरांत कोणाला ठाऊक नाही? या उपोषणात हा दोष होता, हे गांधीजींनी स्वतःच मान्य केले आहे. प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी या लढ्याला केंद्रस्थानी ठेवून १९६९ मध्ये ‘गांधीज ट्रूथ’ हा ग्रंथ लिहिला, तो उगाच नव्हे.

तीन दिवसांत तडजोड झाली, आणि व्यापाऱ्याने बारकाईने पाहावी अशीच ती आहे. पहिल्या दिवशी ३५ टक्के, म्हणजे मजुरांची प्रतिज्ञा राहिली. दुसऱ्या दिवशी २० टक्के, म्हणजे मालकांचा शब्द राहिला. तिसऱ्या दिवसापासून, लवादाचा निर्णय येईपर्यंत, दोहोंच्या बरोबर मध्यावर साडेसत्तावीस टक्के. रोकडीच्या दृष्टीने पहिल्या दोन दिवसांचे मोल ते किती! पण तंटा एव्हाना रोकडीचा उरलाच नव्हता. हार मानली असे दिसू नये, एवढ्यावरच दोन्ही पक्ष अडून बसले होते. आणि आपल्या पेढ्यांवरचे, भावाभावांतले किती तंटे नेमके याच जागी अडलेले असतात. त्या दोन दिवसांनी दोघांचाही मान राखला, म्हणून तिसरा दिवस उजाडला.

भावाबहिणीचा स्नेह या लढ्यात तुटला नाही. दोन वर्षांनी, १९२० मध्ये, अनसूयाबेनच्या पुढाकाराने मजूर महाजन संघ उभा राहिला. त्याआधीच लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी आपला निर्णय दिला होता : ३५ टक्के.