मीटरगेजचे डबे, ब्रॉडगेजचे रूळ

मराठवाड्यातल्या माणसाला हैदराबादचा काचीगुडा माहीत असतो तो आधी स्टेशन म्हणून. निजामाच्या काळात, १९१६ मध्ये उभ्या राहिलेल्या या स्टेशनातून सुटणारी मीटरगेजची गाडी नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करत मनमाडला यायची आणि तिथे तिचे रूळ संपायचे. मुंबईची वाट ब्रॉडगेजची होती. इकडे दोन रुळांत १ मीटर अंतर, तिकडे १.६७६ मीटर. मग माणसे सामानसुमानासह गाडी बदलायची आणि माल हमालांच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत जायचा. दोन्ही गाड्या आपापल्या रुळांवर ठणठणीत होत्या, सगळा खोळंबा सांध्यावर होता. गिटारचे पेडल आणि स्टुडिओतली उपकरणे यांच्यामध्ये नेमका असाच सांधा आहे. काचीगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजार या भागांत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांत आता लॅपटॉप आणि छोटा ऑडिओ इंटरफेस घेऊन गाणे घरीच ध्वनिमुद्रित आणि मिक्स करणारी मुले असणे नवलाचे राहिलेले नाही. त्यांच्यापैकी कोणी गायकाचा आवाज किंवा ढोलकीचा ट्रॅक गिटारच्या डिले पेडलमधून फिरवून पाहिला, की बहुधा दोन गोष्टी ऐकू येतात : आवाज फाटतो आणि मागे घरघर सुरू होते. त्यावरून निष्कर्ष निघतो की पेडल हे रंगमंचावरचे खेळणे, मिक्सिंगमध्ये त्याला जागा नाही. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा हे विजेच्या साध्या हिशेबातून कळते.

गिटारच्या पिकअपमधून निघणारा विद्युतदाब काही दशांश व्होल्टच्या आसपास असतो, जोरात तार छेडली तर क्षणभर १ व्होल्टपर्यंत जातो. पेडल या दाबासाठी बनवलेले असते आणि बहुतेक पेडलांना वीज मिळते ९ व्होल्टची. व्यावसायिक स्टुडिओची लाइन लेव्हल म्हणजे +४ डीबीयू, अर्थात सरासरी १.२३ व्होल्ट, पण संगीताचे उंचवटे त्याच्या कितीतरी वर जातात. पुष्कळ इंटरफेस कमाल +२० डीबीयू देऊ शकतात. म्हणजे ७.७५ व्होल्ट, आणि लाटेच्या तळापासून शेंड्यापर्यंत मोजले तर जवळजवळ २२ व्होल्ट. आतमध्ये वीज वाढवण्याची खास सोय नसेल, तर ९ व्होल्टवर चालणाऱ्या सर्किटमधून २२ व्होल्टची लाट जाणे शक्यच नाही. तिचे शेंडे छाटले जाणार. फाटलेला आवाज ऐकू येतो तो हाच. त्याचा पेडलच्या दर्जाशी काही संबंध नाही.

यावर बाजारात तयार उत्तर असते : रीअॅम्प बॉक्स, म्हणजे स्टुडिओचा ध्वनी गिटारसारखा करून पेडलला देणारी डबी, विकत घ्या. लेव्हलपुरते बोलायचे तर त्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या सेंडवरून पेडलकडे ध्वनी जातो त्याचा फेडर २० ते २५ डेसिबल खाली आणला की लाइन लेव्हल गिटारच्या पातळीवर येते. इतके खाली आणल्यावर ध्वनीचा दर्जा घसरेल, असा आक्षेप घेतला जातो. टेपच्या काळात त्यात तथ्य होते. आजच्या इंटरफेसची डायनॅमिक रेंज, म्हणजे त्याच्या स्वतःच्या सरसरीपासून कमाल पातळीपर्यंतचे अंतर, सुमारे ११० डेसिबल असते. त्यातले २४ गेले तरी ८६ उरतात. अॅनलॉग डिले पेडलची स्वतःची सरसर याहून बरीच मोठी असते. फेडरने फुकट होणाऱ्या कामासाठी पैसे खर्च करू नयेत. शिवाय काही पेडले आणि यंत्रे लाइन लेव्हलशीही जुळवून घेतात. रोलँडच्या १९७४ च्या स्पेस एको या टेपवरच्या प्रतिध्वनी यंत्रावर आउटपुट लेव्हलचा खटका होता, आणि इव्हेंटाइडच्या काही पेडलांवर गिटार की लाइन हे निवडता येते. विकत घेण्याआधी माहितीपुस्तिका वाचली तर अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

लेव्हलपेक्षा नाजूक मामला इंपिडन्सचा. गिटारचा पिकअप म्हणजे बारीक तारेचे हजारो वेढे. उंच स्वरांकडे जाताना त्याचा विरोध वाढत जातो. म्हणून पेडलचा इनपुट मुद्दाम ५ ते १० लाख ओहमचा ठेवतात, नाहीतर आवाजातली चमक मरते. स्टुडिओचा लाइन आउटपुट मात्र जेमतेम शंभर-दोनशे ओहमचा. अशा आउटपुटने दहा लाखांच्या इनपुटला ध्वनी पुरवणे अगदी सोपे, त्यामुळे डिले, कोरस, रिव्हर्ब यांना काही फरक पडत नाही. पडतो तो जुन्या धर्तीच्या फझला, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणाऱ्या पेडलला. १९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने काढलेल्या फझ फेसचा इनपुट इतका कमी विरोधाचा आहे की गिटारचा पिकअप हा जणू त्याच्या सर्किटचाच भाग होतो. पिकअपच्या जागी लाइन आउटपुट आला की तोच फझ कर्कश, काचेरी वाजतो. रीअॅम्प बॉक्स खरा उपयोगी पडतो तो इथे. परतीच्या वाटेवरही लक्ष हवे. काही जुन्या पेडलांचा आउटपुट अशक्त असतो आणि दहा हजार ओहमच्या लाइन इनपुटवर तो दबतो. अशा वेळी इंटरफेसच्या गिटारसाठीच्या इनपुटमध्ये किंवा डीआय बॉक्समधून परत यावे.

आणि आता घरघर. माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न हाच, आणि त्याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जाते. स्टुडिओची जोडणी बॅलन्स्ड असते : दोन तारांतून एकच ध्वनी उलटसुलट जातो आणि वाटेत शिरलेला गोंगाट शेवटी वजा होतो. पेडलची जोडणी तशी नसते, तिथे केबलचे आवरण हीच परतीची तार. इंटरफेसची अर्थिंग एका वाटेने, पेडलच्या अॅडॉप्टरची दुसऱ्या वाटेने जमिनीला मिळाली की मधल्या केबलमधून एक फेरा तयार होतो आणि घरातल्या विजेचे ५० हर्ट्‌झ ध्वनीत उतरतात. जुन्या वाड्यात किंवा वायरिंगवर वायरिंग झालेल्या घरात हे हमखास होते. आपल्या संगीतात याचा त्रास अधिक आहे. गायकाचा षड्ज पांढरी १ असेल तर अतिमंद्र पंचम येतो ४९ हर्ट्‌झवर. विजेचे ५० त्याच्या जेमतेम वर, त्यामुळे तंबोऱ्याखाली एक चढा पंचम सतत घासत राहतो. काळी १ धरली तर विजेचा तोच सूर पंचमाच्या पुष्कळ खाली पडतो. गिटारच्या गोंगाटी गाण्यात झाकले जाणारे हे आलापात उघडे पडते.

यावर सर्रास होणारा उपाय म्हणजे प्लगची तिसरी पिन काढून टाकणे. घरघर थांबतेही. पण ती पिन जीव वाचवण्यासाठी असते. उपकरणात बिघाड झाला तर वीज मग माइकला ओठ लावून गाणाऱ्याच्या अंगातून वाट काढू शकते. ती पिन कधीही काढू नये. योग्य उपाय ट्रान्सफॉर्मर. त्यात दोन बाजूंच्या तारा एकमेकींना चिकटत नाहीत, ध्वनी चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो आणि जमिनीचा फेरा तुटतो. ट्रान्सफॉर्मर असलेला रीअॅम्प बॉक्स घ्यायचा तो लेव्हलपेक्षा या कारणासाठी.

इतकी खटपट कशासाठी, प्रत्येक पेडलची सॉफ्टवेअरमधली नक्कल मिळतेच की, असे कोणी विचारेल. नक्कल पुष्कळदा उत्तम असते. पण पेडल आणि मिक्सर हे परके नाहीत, इतिहास त्यांना एकाच घरात नेतो. १९६० मध्ये नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्सचे गाणे मुद्रित होत असताना मिक्सरचा एक चॅनल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनचा बेस गिटार फाटक्या आवाजात टिपला गेला. तो आवाज तसाच ठेवला, गाणे गाजले, आणि ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी त्या बिघाडाची नक्कल करणारे सर्किट तयार केले. तेच १९६२ मध्ये गिब्सनने मॅस्ट्रो फझ-टोन म्हणून विकले. पहिल्या गाजलेल्या फझ पेडलचा जन्म असा स्टुडिओच्या मिक्सरमध्ये झाला. पुढे जमैकातल्या ब्लॅक आर्क स्टुडिओत ली पेरी यांनी म्यु-ट्रॉनचा फेजर आणि स्पेस एको मिक्सिंगमध्ये वाद्यासारखे वाजवले. गाणे चालू असताना बटणे फिरत होती आणि जे झाले ते टेपवर कायमचे उतरत होते. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक निर्णय उद्यावर ढकलता येतो. पेडलमधून काढलेला ट्रॅक मुद्रित करून टाकावा लागतो. ही सक्ती मला त्या साधनाचा मोठा गुण वाटते.

एक पथ्य मात्र पाळावे लागते. ध्वनी संगणकातून बाहेर जाऊन परत येईपर्यंत काही मिलिसेकंद जातात. पेडल डिले किंवा रिव्हर्बचे असेल, तर त्यातला मूळ आवाज पूर्ण बंद करून फक्त प्रतिध्वनी परत घ्यावा; मग तो उशीर जाणवत नाही. पण ढोलकीच्या ट्रॅकला समांतर फझ जोडायचा असेल आणि तो ५ मिलिसेकंद उशिरा आला, तर १००, ३००, ५०० अशा हर्ट्‌झवर दोन्ही ट्रॅक एकमेकांना खोडतात आणि धुमाचा, म्हणजे ढोलकीच्या खर्ज नादाचा, गाभाच पोकळ होतो. म्हणून परत आलेला ट्रॅक मुद्रित करावा, पडद्यावर मोठा करून पाहावा, आणि थापेचे पहिले टोक मूळ ट्रॅकच्या टोकाखाली येईपर्यंत हाताने डावीकडे सरकवावा.