पुरुषांचे मौन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस

सुरतेच्या लिंबायत, उधना परिसरात पोटापाण्यासाठी खानदेशातून गेलेली हजारो मराठी कुटुंबे स्थिरावली आहेत. कुणी यंत्रमागावर राबतो, कुणी हिऱ्यांना पैलू पाडतो. तीक्ष्ण नजर आणि स्थिर हात हेच त्यांचे भांडवल. मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार नेमका याच भांडवलावर घाला घालतो.

या आजारात शरीराची रोगप्रतिकारक शक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या मज्जातंतूंवरील मायलिन या संरक्षक आवरणावरच हल्ला करते. परिणामी मेंदूकडून निघालेले संदेश अडखळतात. आजाराची सुरुवात बहुधा २० ते ४० या वयात, म्हणजे ऐन कमावत्या काळात होते. एका डोळ्याने अंधुक दिसणे, हातापायांना बधिरता येणे, तोल जाणे, लघवीवर ताबा न राहणे आणि विश्रांतीनेही न जाणारा थकवा ही त्याची प्रमुख लक्षणे. अनेकदा ती काही आठवड्यांत ओसरतात आणि रुग्ण निर्धास्त होतो. फसगत होते ती इथेच.

स्त्रियांमध्ये हा आजार दोन ते तीन पट अधिक आढळतो. मात्र पुरुषांमध्ये अपंगत्व तुलनेने वेगाने वाढण्याची शक्यता असते. त्यातच 'कामाचा शीण आहे' असे म्हणून दुखणे अंगावर काढण्याची पुरुषांची सवय घातक ठरते. लैंगिक दुर्बलता आणि नैराश्य याही या आजारातील सर्रास आढळणाऱ्या तक्रारी आहेत. त्यांवर उपचार आहेत. परंतु संकोचापोटी त्या डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाहीत.

आजार समूळ बरा होत नसला, तरी आजच्या औषधांनी त्याचे झटके कमी करता येतात. त्यासाठी एमआरआय तपासणी आणि निदान वेळेवर व्हायला हवे. उष्म्याने लक्षणे तात्पुरती बळावतात. म्हणून सुरतेप्रमाणेच गोव्याच्या दमट उन्हाळ्यातही रुग्णाने दुपारचे श्रम टाळावेत, अंग थंड ठेवावे. धूम्रपान सोडावे, झेपेल तितका नियमित व्यायाम करावा.

१९८५ पासून मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था रुग्णांसाठी कार्यरत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या आजाराचा दिव्यांगत्वाच्या यादीत समावेश केला. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना कामावरून काढू शकत नाही. नगावर मजुरी घेणाऱ्या हिरे कारागिराला मात्र हे कवच नाही. त्याचा हात थांबला की घरची चूल थांबते. आजार लपवण्यामागे ही भीतीही असते, हे कुटुंबीयांनी आणि मालकांनी समजून घ्यायला हवे. बसून करता येणारे काम, पंख्याखालची जागा, मधली विश्रांती एवढ्यानेही एखाद्याची रोजी टिकू शकते.

नजर अचानक अंधुक झाली किंवा बधिरता दिवसभराहून अधिक टिकली, तर मज्जातंतूतज्ज्ञांना गाठावे. गोमंतकीयांसाठी बांबोळीच्या गोमेकॉत हा विभाग आहे. दुखणे बोलून दाखवण्यात कमीपणा नाही. त्यामुळे चालते-फिरते राहण्याची वर्षे वाढू शकतात.