विश्लेषण : भिंतीवरचा मीटर ‘मोबाइल’ असतो का? स्मार्ट मीटर आणि पेटंटचे वाद

शिरूर-दौंड पट्ट्यात स्मार्ट मीटरचा विषय निघाला, की चर्चा बिलावर येऊन थांबते. मीटरच्या आतल्या तंत्रज्ञानाची मालकी कोणाची, हे क्वचितच विचारले जाते. अमेरिकेत याच प्रश्नावरून मीटर उत्पादक आणि वीज कंपन्यांना न्यायालयात खेचले गेले. तसा वाद इथे उद्भवला तर मीटरचे आणि बिलाचे काय होईल?

पेटंट नेमके कशाचे?

विजेची युनिट मोजण्याचे तंत्र जुनेच आहे. नवे आहे ते दळणवळण. ठरावीक अंतराने घेतलेल्या नोंदी मीटर रेडिओ लहरींवरून किंवा मोबाइल नेटवर्कवरून थेट सर्व्हरला पाठवतो. त्यामुळे वादही मोजणीपेक्षा अँटेना, मोडेम आणि संदेश पाठवण्याच्या पद्धतीवरून होतात. स्मार्ट मीटर म्हणजे एका अर्थी भिंतीला लावलेला फोनच.

‘मोबाइल’ शब्दावरून वाद कसा झाला?

‘ईऑन’ या कंपनीकडे १९९० च्या दशकातली पेटंट होती, मूळ कल्पना दुहेरी संवादाच्या टीव्हीची. त्यांच्या आधारे तिने ‘सिल्व्हर स्प्रिंग नेटवर्क्स’च्या स्मार्ट मीटरवर दावा ठोकला. पेटंटमध्ये ‘पोर्टेबल’ आणि ‘मोबाइल’ असे शब्द होते. मीटर काढून दुसरीकडे नेता येतो, म्हणून तोही त्यात बसतो, असा ईऑनचा युक्तिवाद. टेक्सासमधील ज्युरीने २०१४ मध्ये तो मानला आणि १ कोटी ८८ लाख डॉलरची भरपाई ठरवली. न्यायाधीशांनी ती सुमारे १ कोटी ३० लाखांवर आणली. अखेर फेब्रुवारी २०१६ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने निकालच फिरवला. घर बदलताना कोणी मीटर काखोटीला मारून नेत नाही, हे साधे व्यवहारज्ञान तिथपर्यंत पोहोचायला बराच खर्च झाला.

‘ट्रान्सडेटा’चा वाद आपल्याकडे अधिक लागू पडणारा. मीटरमधल्या अँटेनाच्या पेटंटवरून तिने मीटर उत्पादकांऐवजी थेट वीज वितरण कंपन्यांवर दावे केले. ते ओक्लाहोमातील न्यायालयात एकत्र चालले.

भारतात काय होऊ शकते?

अमेरिकी पेटंट इथे चालत नाही. भारतात घेतलेलेच चालते, तेही २० वर्षे. पेटंट कायद्याच्या कलम ४८ नुसार वस्तू बनवणे, विकणे याबरोबर ‘वापरणे’ हाही पेटंटधारकाचा हक्क आहे. म्हणजे वितरण कंपनीही कचाट्यात येऊ शकते. मात्र कलम ९९ आणि १०० नुसार सरकार किंवा सरकारी उपक्रमासाठी, लेखी परवानगी देऊन आणि मोबदला चुकवून, पेटंट वापरता येते. महावितरण ही सरकारी कंपनी आहे. पण मीटर बसवून चालवणारा कंत्राटदार खासगी आहे, आणि खरी वकिली इथेच रंगेल.

मोबाइल नेटवर्कच्या पेटंटचे तर भारतात निकालही लागले आहेत. मार्च २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एरिक्सनच्या पेटंटप्रकरणी लावा कंपनीला सुमारे २४४ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. तो वाद फोनचा होता. पण मोडेम मीटरमध्येही असतो.

शिवाय असे खटले लवकर संपत नाहीत. आकुर्डीच्या बजाज ऑटोचा टीव्हीएसशी इंजिनाच्या पेटंटवरून झालेला वाद २००७ मध्ये सुरू झाला. अशा खटल्यांची सुनावणी रोज घ्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये बजावले. तरी समझोता झाला २०१९ मध्ये.

बिलावर परिणाम होईल का?

बसलेले लाखो मीटर न्यायालय उतरवायला लावेल, ही शक्यता कमी. मनाईहुकूम देताना सार्वजनिक हित पाहिले जाते. उरते ती रॉयल्टी. पुणे आणि बारामती परिमंडलांतील सुमारे ५२ लाख मीटरचे कंत्राट २०२३ मध्ये अदानी समूहाला मिळाले, किंमत सुमारे ६,३०० कोटी रुपये. म्हणजे सगळा खर्च धरून मीटरमागे साधारण १२,००० रुपये. केंद्राचे अनुदान त्यात १५ टक्के, कमाल ९०० रुपये. किंमत निविदेत ठरलेली असल्याने रॉयल्टीचा पहिला बोजा सहसा पुरवठादारावर पडतो. पुढच्या निविदेत मात्र तो किमतीत धरला जातो, आणि वितरण कंपनीचा खर्च वीज नियामक आयोगाच्या मंजुरीने दरात उतरतो. बिलावर ‘पेटंट’ असा रकाना कधीच दिसणार नाही.

सामान्य माणसाला हरकत घेता येते का?

येते, पण वेळेत. पेटंटचा अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो. हे तंत्र आधीपासून वापरात होते, असा पुरावा असेल, तर पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणीही विरोध नोंदवू शकतो, मग तो रांजणगावच्या कारखान्यातला इलेक्ट्रिशियन असो वा दौंडमधला प्राध्यापक. मंजुरीनंतर ही मुभा फक्त हितसंबंध असलेल्यांना, तीही मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून वर्षभरच.