पट्टीवरचा आकडा

वॉल्थम कारखान्याच्या जुन्या खिशातल्या घड्याळाचे मागचे झाकण उघडले की यंत्राच्या पट्टीवर कोरलेला क्रमांक आधी दिसतो. घड्याळजीने यंत्र सुटे केले की त्याच क्रमांकाचे शेवटचे अंक आतल्या भागांवरही सापडतात. कुठलाही भाग कुठल्याही घड्याळात बसावा, हे ज्या कारखान्याचे ब्रीद, त्याला भागांवर क्रमांक घालायची गरज का पडावी?

एकसारख्या भागांची ही कल्पना कारखान्याचा संस्थापक ॲरन डेनिसन याला सुचली ती स्प्रिंगफिल्डच्या सरकारी शस्त्रशाळेवरून. तिथे बंदुकांचे भाग यंत्रांवर एकसारखे घडत. 1850 मध्ये एडवर्ड हॉवर्डच्या साथीने त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या रॉक्सबरीत काम सुरू केले. 1854 मध्ये कारखाना वॉल्थमला, चार्ल्स नदीकाठी गेला आणि 1857 मध्ये दिवाळे निघाले. रॉयल रॉबिन्सने तो विकत घेतला. पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात सैनिकांना परवडणाऱ्या ‘विल्यम एलरी’ घड्याळाने त्याला सावरले.

पण घड्याळ म्हणजे बंदूक नव्हे. बॅलन्स चक्राच्या आसाची टोके जेमतेम दशांश मिलिमीटर जाडीची. यंत्रातून उतरलेल्या दोन आसांत सूक्ष्म फरक राहायचाच. म्हणून प्रत्येक आस मोजून त्याच्या टोकांना आधार देणारा, नेमका बसेल असा खडा निवडत आणि ती मापे घड्याळाच्या क्रमांकापुढे नोंदवून ठेवत. दूर गावच्या घड्याळजीने क्रमांक कळवला की त्याच मापाचा भाग मिळे. यंत्राची मर्यादा ओळखून ती वहीने भरून काढली, हे मला या कारखान्याचे सर्वांत मोठे कर्तृत्व वाटते. 1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात वॉल्थमची आपोआप स्क्रू घडवणारी यंत्रे गाजली. ती पाहून आलेल्या स्विस अभियंता झाक दाव्हीदने मायदेशी इशारा दिला, यंत्रे आणा, नाहीतर धंदा जाईल.

घड्याळाच्या अचूकतेची खरी कसोटी रेल्वेवर लागली. एप्रिल 1891 मध्ये ओहायोतल्या किप्टनला दोन आगगाड्यांची टक्कर होऊन आठ जण दगावले. एका चालकाचे घड्याळ चार मिनिटे मागे पडल्याचे सांगतात. त्यानंतर सराफ वेब बॉलच्या देखरेखीखाली रेल्वेच्या घड्याळांचे नियम कडक होत गेले. निदान सतरा खडे हवेत, आठवड्यात 30 सेकंदांहून जास्त फरक नको. काटे फिरवायचे तर आधी पुढची काच काढून तबकडीच्या कडेची बारीक दांडी ओढायची. चावी देताना चुकून वेळ बदलू नये, म्हणून ही सोय.

त्या काळी अमेरिकेत घड्याळाचे यंत्र आणि डबी बहुधा वेगवेगळी विकत. गिऱ्हाईक निवडेल त्या डबीत सराफ यंत्र बसवून देई. सोन्याचा भाव चढला तशा कितीतरी डब्या वितळवल्या गेल्या आणि आतली यंत्रे उघडी पडली. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना विनंती आहे. जुन्या बाजारात असे डबीविना यंत्र दिसले तर भंगार समजू नका. क्रमांक यंत्रावरचा पाहा, डबीवरचा नव्हे. आणि जाणत्या घड्याळजीने जुने तेल साफ करेपर्यंत त्याला चावी देऊ नका.